गुहागर-दाभोळच्या खाडीत काय बघाल? आधी तिथी बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पलूसहून चार घरची मंडळी, सोबत शाळकरी मुलं, फेब्रुवारीत तीन दिवस गुहागर-दाभोळ बाजूला निघाली आहेत. देवदर्शन आणि मासे होतीलच, पण खाडीतले प्राणी-पक्षी नीट बघायचे आहेत. काय दिसतं, कुठे दिसतं, किती फिरावं लागतं? शिवाय तुमच्या मेव्हण्यांचं म्हणणं असं की मगरी बघायला घाट उतरायची गरजच काय, भिलवडीला कृष्णेच्या काठावर उभं राहिलं तरी दिसतात.

मेव्हण्यांचं अर्धं बरोबर आहे, त्याकडे पुढे येतो. मी कराडचा. कुंभार्ली घाटातून माणसं घेऊन खाली जाणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम. एवढ्या काळात लोकांची सगळ्यात मोठी निराशा एकाच कारणाने होताना पाहिली: ते घड्याळ बघून खाडीवर जातात. सकाळी नाश्ता करून दहाला निघायचं, काठावर उभं राहायचं, समोर नुसतं गढूळ पाणी. मग म्हणायचं, काहीच नाही इथे. तीच जागा, तोच दिवस, पण चार तास आधी आले असते तर त्याच पाण्याखालचा अर्धा किलोमीटर चिखल उघडा पडलेला असता आणि त्यावर पाय ठेवायला जागा नसती, इतके जीव असते. त्यामुळे हॉटेल ठरवायच्या आधी भिंतीवरची दिनदर्शिका काढा आणि तिथी बघा.

भरती दिवसात दोनदा येते, ओहोटीही दोनदा, आणि दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात. म्हणून रोजची वेळ पाऊण तासाने, कधी त्याहून थोडी जास्त, पुढे सरकते. कोकणातल्या जुन्या माणसांचा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. त्याआधी सव्वासहा तास, म्हणजे पावणेनऊच्या आसपास पूर्ण ओहोटी. हिशेब शुक्ल आणि कृष्ण दोन्ही पक्षांना लागू. अर्ध्या तासाचा फरक पडतो, तो धरून चालायचं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि तितकंच खूप उतरतं. बाणकोट ते जयगड या पट्ट्यात हा फरक दोन ते तीन मीटरचा होतो. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो, तेव्हा पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. उधाणाचा जोर अमावास्या-पौर्णिमेनंतरही एक-दोन दिवस टिकतो, आणि हे आपल्या पथ्यावर पडतं. कारण खुद्द पौर्णिमेला ओहोटी पहाटे पाचच्या अंधारात येते, पण तृतीयेला ती आठच्या सुमाराला, चांगल्या उन्हात येते आणि पाणीही बरंच खाली गेलेलं असतं.

म्हणून माझा सल्ला एका ओळीचा आहे: फेब्रुवारीच्या उत्तरार्धातली द्वितीया ते पंचमी धरा. शनिवार-रविवार जुळला तर उत्तम, नाही जुळला तर मुलांची एक दिवसाची शाळा बुडवा. मी शिक्षकांनाही हेच सांगतो.

आता जागा. गुहागर-विजापूर रस्ता तुमच्या जिल्ह्यातूनच, विट्यावरून येतो. कराड, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली उतरतो आणि चिपळूणमार्गे समुद्राला टेकतो. त्या रस्त्याच्या बरोबरीने आपलं पाणीही खाली जातं, आणि हे मी प्रत्येक गटाला घाटमाथ्यावर थांबून सांगतो. कोयना महाबळेश्वरला उगवते, कराडला कृष्णेला मिळते, आणि ते पाणी आंध्रात बंगालच्या उपसागराला जायचं. पण १९६४ साली कोयना धरण पूर्ण झालं आणि त्याच्या जलाशयाचं, म्हणजे शिवसागराचं, बरंचसं पाणी बोगद्यातून पश्चिमेला वळलं. जलाशयाची क्षमता साधारण १०५ टीएमसी (अब्ज घनफूट). त्यातलं वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी विजेसाठी पश्चिमेकडे सोडायची मर्यादा कृष्णा लवादाने घालून दिली आहे. ते पाणी पोफळीच्या जनित्रांवर पडतं, पुढे कोळकेवाडीच्या धरणात येतं, अलोऱ्याला पुन्हा वीज करतं आणि चिपळूणला वाशिष्ठी नदीत मिसळतं. वाशिष्ठी खेडकडून येणाऱ्या जगबुडीला घेऊन दाभोळच्या खाडीत जाते आणि अंजनवेलच्या गोपाळगडासमोर अरबी समुद्राला मिळते.

याचा प्राण्यांशी संबंध काय? पुष्कळ. कोकणातल्या बहुतेक नद्या डिसेंबर संपता संपता आटतात आणि मग खारं पाणी आत आत सरकत जातं. वाशिष्ठीत मात्र वीजनिर्मिती चालू असेतो उन्हाळ्यातही गोडं पाणी येत राहतं. त्यामुळे एकाच नदीत चिपळूणजवळ गोडं, मधल्या टप्प्यात मचूळ आणि दाभोळला पक्कं खारं, असे तीन टप्पे बारमाही राहतात. प्रत्येक टप्प्याचे जीव वेगळे. तुम्ही चिपळूणकडून समुद्राकडे सरकत गेलात तर जीवसृष्टी डोळ्यांदेखत बदलते. मी याच क्रमाने सांगतो, तुम्ही सोयीने उलट फिरा.

चिपळूणच्या खाली, मालदोलीच्या बाजूला, मगरी आहेत. होडीतून दाखवणारे स्थानिक लोक आहेत. आता मेव्हण्यांचा मुद्दा. ही मगर तीच, जी तुमच्या कृष्णेत आहे. पाणी खारं म्हणून ही खाऱ्या पाण्यातली मोठी मगर असेल असं पुष्कळांना वाटतं, काही होडीवालेही तसं ठोकून देतात. ती मोठी जात आपल्याकडे ओडिशाच्या भितरकनिकात, सुंदरबनात आणि अंदमानात आहे, महाराष्ट्रात नाही. आपली मगर गोड्या पाण्याची, थोडा खारेपणा सोसणारी. म्हणूनच ती खाडीच्या वरच्या आणि मधल्या भागात जास्त दिसते, मुखाशी क्वचितच. कोयनेच्या गोड्या पाण्याचा तिला आधार होत असणार असं मला वाटतं.

मग तीच मगर बघायला इथे का यायचं? कारण इथे तिला बघणं सोपं आणि निवांत आहे. कृष्णाकाठी मळी, म्हणजे काठची गाळाची जमीन, कसलेली असते, उसाला पाणी देणारी मोटर नदीत असते, बाया धुणं घेऊन उतरतात, म्हशी डुंबतात. माणूस आणि मगर दोघं एकाच चार फुटांसाठी भांडतात, आणि भिलवडी, ब्रह्मनाळ, औदुंबर भागात त्याची किंमत लोकांनी मोजली आहे. तिथे मगर दिसली की पोटात गोळा येतो, निरीक्षण कसलं करणार? खाडीत ओहोटीला चिखलाचा रुंद काठ उघडा पडतो, तिथे माणूस उतरतच नाही, आणि थंडीतलं ऊन खायला मगरी त्यावर येऊन पडतात. तोंड उघडं ठेवून पडलेली मगर चिडलेली नसते. अंगातली उष्णता त्यातून कमी होते. मुलांना हे सांगा, नाहीतर होडीत आरडाओरडा होतो आणि मगर पाण्यात.

मगरींसाठी वेळ अशी: ऊन चढलेलं हवं, म्हणजे नऊनंतर, आणि पाणी उतरलेलं हवं. समुद्रावरची ओहोटी खाडीत इतक्या आत पोहोचायला तासभर किंवा जास्त उशीर होतो, हे हिशेबात धरा. चतुर्थी-पंचमीला साडेनऊ ते अकरा हा काळ जमून येतो. फेब्रुवारी ते एप्रिल हा अंडी घालायचा हंगाम. मादी काठावर खड्डा करून अंडी पुरते आणि जवळपास राहते. त्यामुळे होडी काठाला लावा, फोटो काढतो, असा हट्ट धरू नका. होडीवाला तयार असला तरी धरू नका.

त्याच मधल्या टप्प्यात ऊद, म्हणजे पाणमांजर, आहे. हमखास दिसेल असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. टोळीने फिरणारा, हुशार आणि माणसाला टाळणारा प्राणी. पण त्याच्या खुणा मात्र सापडतात: काठावरच्या एखाद्या उंच दगडावर किंवा बांधावर माशांच्या खवल्यांनी आणि खेकड्यांच्या कवचांनी भरलेली विष्ठा, आणि मासळीचा उग्र वास. मुलांना अशी एक जागा दाखवली की पुढचा तासभर ती दुसरं काही बघत नाहीत. मच्छीमारांचं मात्र त्याच्याशी फारसं सख्य नाही, जाळं फाडून मासे नेतो म्हणून. ती त्यांची तक्रार खोटी नाही.

आता चिखल आणि कांदळवन. माझ्या मते खरी खाडी इथे आहे, आणि पाहुणे नेमके इथूनच नाक दाबून पुढे जातात. तो वास सडण्याचा आहे हे खरं, पण सडणाऱ्या पानांवरच इथली पंगत चालते: पानं कुजतात, त्यांवर सूक्ष्म जीव वाढतात, ते खेकडे आणि कोळंबीची पिल्लं खातात, त्यांच्यावर मासे, माशांवर बगळे आणि आपण. समुद्रातल्या अनेक माशांची पिल्लं लहानपण इथे मुळांच्या जाळीत काढतात, मोठा मासा आत शिरू शकत नाही म्हणून.

झाडं ओळखायला तीन नावं पुरेत. पाण्याच्या अगदी काठाला चिप्पी असते; तिच्या पांढऱ्या फुलांच्या जातीला २०२० साली महाराष्ट्राने राज्य कांदळवृक्षाचा मान दिला. कांदळ ओळखायचा तो खोडापासून खाली उतरलेल्या कमानीसारख्या मुळांवरून. त्याच्या फांद्यांना हिरव्या शेंगांसारखं काही लोंबताना दिसेल. त्या शेंगा नाहीत, रोपं आहेत. बी झाडावरच रुजतं, हातभर वाढतं आणि मग खाली चिखलात सुटतं, किंवा भरतीबरोबर वाहत जाऊन दुसरीकडे उभं राहतं. तिसरी तिवर. तिच्याभोवती जमिनीतून पेन्सिलीएवढे शेकडो खुंट वर आलेले असतात. चिखलात हवा नसते म्हणून मुळंच श्वास घ्यायला वर येतात. तिवरीच्या पानाला जीभ लावून बघा, खारट लागेल. झाड नको असलेलं मीठ पानावाटे टाकून देतं. (मुलांना चव घ्यायला फक्त हेच झाड दाखवा. याच काठावर हुरा नावाचं झाड असतं, त्याचा पांढरा चीक डोळ्यांत गेला तर डोळ्यांची आग होते आणि काही काळ दिसेनासं होतं. पान तोडलं आणि दूध आलं की हात लावायचा नाही.)

चिखलावर ओहोटीला निवट्या बघा. मासा आहे, पण पाण्याबाहेर पडून परांवर सरपटत चालतो, उड्या मारतो, दुसऱ्या निवट्याशी पंख ताठ करून भांडतो. ओल्या कातडीतून आणि कल्ल्यांशी धरून ठेवलेल्या पाण्यावर तो श्वास भागवतो, म्हणून मध्येच लोळून अंग ओलं करतो. त्याच्या शेजारी बारीक खेकड्यांची वस्ती, ज्यांच्या नराची एक नांगी अंगापेक्षा मोठी असते आणि ती तो सतत हलवत असतो: मादीला ये म्हणून, दुसऱ्या नराला जा म्हणून. तुमची सावली पडली की सगळे एका क्षणात बिळात. तिथेच न हलता पाच मिनिटं बसा, एकेक करून सगळे परत वर येतात. मोठी चिंबोरी बिळात खोल असते. ती हाताने काढायच्या फंदात पडू नका, बोट मोडेल एवढी ताकद नांगीत असते. दगडांवर आणि जुन्या जेटीच्या खांबांवर धारदार कालवं चिकटलेली असतात, अनवाणी पाय हमखास कापतो.

झाडांत निळ्या पाठीचा, काळ्या टोपीचा खंड्या शोधा. आपल्याकडे विहिरीवर दिसणाऱ्या खंड्याचं डोकं तपकिरी, याचं काळं, मान पांढरी, चोच लालभडक, हा खाडीकाठचा. संध्याकाळी कांदळवनाच्या कडेने कोल्हेकुई ऐकू येईल. उसातला कोल्हा तोच इथेही, फक्त इथे तो खेकड्यांवर जगतो आणि संधी मिळाली तर कासवाची अंडी उकरतो.

एक गोष्ट सांगणं भाग आहे. लोटे-परशुरामच्या रासायनिक कारखान्यांच्या सांडपाण्याबद्दल या खाडीकाठचे मच्छीमार कित्येक वर्षं ओरड करत आहेत. तुम्हाला एखाद्या दिवशी पाण्यावर मेलेले मासे दिसले तर मुलांना हे नैसर्गिक आहे असं सांगू नका. होडीवाल्याला विचारा, तो भोईवाड्यातला किंवा दालदी मच्छीमारांच्या वस्तीतला असेल तर तुम्हाला वीस वर्षांपूर्वी कोणता मासा कुठे लागायचा ते नावानिशी सांगेल. ते ऐकण्यासारखं असतं.

खाडीच्या मुखाशी आणि गुहागरच्या लांबलचक वाळूवर पक्षी. तुम्ही मायणी किंवा येरळवाडीला पट्टकादंब हंस बघितले असतील, तर इथले पाहुणेही त्याच दिशेने आलेले. तपकिरी डोक्याचा कुरव लडाख-तिबेटच्या तळ्यांवर वीण करतो आणि हिवाळा इथे काढतो. थंडीत त्याचं डोकं पांढरं होतं, कानामागे फक्त एक डाग उरतो, त्यामुळे नावावरून शोधायला जाल तर फसाल. इवलेसे चिखले वाळूच्याच रंगाचे, पळाले तरच कळतात. कोरलाची लांब वाकडी चोच मात्र कुणालाही ओळखता येते, ती खेकड्याच्या बिळात शिरायला केलेली. यांना बघायची वेळ चिखलाच्या उलट: ओहोटीला ते मैलभर पांगलेले असतात, दुर्बिणीतूनही ठिपके. भरती चढू लागली की पाणी त्यांना ढकलत आणतं आणि पूर्ण भरतीच्या तास-दीड तास आधी सगळे वाळूच्या एका टोकाला दाटीने उभे राहतात. तुमच्या तिथ्यांना भरती दुपारी येते, म्हणजे जेवण आवरून एक-दीडला टोपी घालून निघावं लागेल. ऊन लागेल, पण तुमच्या बरोबरचे निम्मे तेव्हा झोपतील आणि पक्षी शांत राहतील. एक विनंती: त्या थव्यात मुलांना पळवून उडवायचा फोटो काढू नका. हे पक्षी मार्च-एप्रिलमध्ये परत हजारो किलोमीटर उडणार आहेत; प्रत्येक उगाच उडणं त्यांच्या साठवलेल्या चरबीतून जातं.

वर आकाशात ब्राह्मणी घार सारखी दिसेल. तिच्यापेक्षा बरीच मोठी, पोट पांढरं, पंखांची कड काळी आणि शेपूट पाचरीसारखी दिसली तर तो समुद्री गरुड. कोकणात त्याला काकण म्हणतात. किनाऱ्याजवळच्या उंच झाडावर तो काटक्यांचं घरटं करतो आणि वर्षानुवर्षं तेच डागडुजी करून वापरतो. घरटं कुठे आहे ते गावकऱ्यांना माहीत असतं. विचारा, लांबून बघा, आणि ठिकाण मोबाइलवर कुणाला पाठवू नका.

खडकाळ किनारा मुलांसाठी राखून ठेवा, तृतीयेची सकाळ त्यासाठीच. वेळणेश्वर, हेदवी या बाजूला ओहोटीला खडकांत डबकी उरतात. त्यांत बघायचं कसं, तर उभं राहून अजिबात नाही. गुडघे टेकून, सावली मागे पडेल असं बसून, एकाच डबक्यात दहा मिनिटं. आधी काही दिसत नाही. मग एक शंख चालायला लागतो, तो शंखात राहणारा खेकडा असतो. खडकाला चिकटलेलं फुलासारखं काही दिसतं, ते समुद्रफूल, फूल म्हणतात पण प्राणी आहे, त्याचे झुपके भक्ष्याला डंख करतात. नशिबात असेल तर आठपायी माकूळ (ऑक्टोपस) कपारीतून एक डोळा काढून तुमच्याकडे बघत असतो आणि रंग बदलतो. दगड उलटवला तर जसा होता तसा परत ठेवा. खालच्या बाजूचे जीव उन्हात अर्ध्या तासात मरतात. शंख गोळा करायचेच तर रिकामे, आणि तेही थोडेच, कारण रिकामा शंख म्हणजे कुणाचं तरी पुढचं घर. काही शंखांना तर वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, ते बाळगणं गुन्हा ठरतो. सुळक्याच्या आकाराचा, सुंदर नक्षीचा शंख जिवंत असेल तर हातात घेऊच नका, त्याला विषारी काटा असतो.

हेदवीची बामणघळ प्रसिद्ध आहे, भरतीला घळीतून पाणी उंच उसळतं. बघा, पण लांबून. ओला खडक आणि शेवाळ, पाय निसटला की परत वर येणं कठीण.

डॉल्फिनबद्दल फार लिहीत नाही, कारण त्यांची जाहिरात पुरेशी झाली आहे. आपल्या किनाऱ्याजवळ मुख्यतः कुबड असलेला डॉल्फिन असतो, खाडीच्या तोंडाशी उथळ पाण्यात. सिनेमातल्यासारख्या उड्या मारत नाही. पाठ वर येते, कुबड दिसतं, गेला. सकाळी वारा सुटायच्या आत जा. होडीवाला पाठलाग करून इंजिन रेटायला लागला तर त्याला थांबायला सांगा, इंजिन बंद करून उभं राहिलं तर ते पुष्कळदा स्वतःच जवळून जातात.

राहिली कासवं. समुद्री कासवांसाठी सगळे वेळासला जायचं म्हणतात, आणि त्या गावाचा मान खराच आहे: २००२ च्या सुमारास चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने तिथल्या गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी वाचवायला सुरुवात केली, आणि पुढे ते काम किनाऱ्यावरच्या इतर गावांत पसरलं. पण तुम्ही गुहागरला राहणार असाल तर दाभोळची फेरीबोट ओलांडून वेळासपर्यंत जाण्यात अर्धा दिवस घालवू नका. गुहागरच्या सुरूच्या बनासमोरच्या वाळूवर अलीकडच्या हंगामांत भरपूर घरटी होत आहेत आणि वनखात्याची हॅचरी, म्हणजे अंडी सांभाळायचं कुंपण, तिथेच आहे. मादी नोव्हेंबर ते मार्चमध्ये रात्री वर येते, शंभर-सव्वाशे अंडी घालून परत जाते. कोल्हे, कुत्रे आणि माणसं यांच्या आधी कासवमित्र ती अंडी उचलून कुंपणात तितक्याच खोल पुरतात. साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं वर येतात. नर होणार की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं. जास्त उष्ण वाळूत माद्या जास्त होतात. मगरीच्या अंड्यातही लिंग उष्णतेवरच ठरतं, फक्त तिथलं गणित निराळं. मुलांना हा धागा आवडतो.

आणि आता तुमच्या कृष्णेशी जोडलेली गोष्ट. ओडिशाच्या गहिरमाथा किनाऱ्यावर २०२१ च्या मार्चमध्ये एका मादी कासवाच्या परावर ०३२३३ क्रमांकाचा धातूचा बिल्ला लावला होता. ती मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. बंगालच्या उपसागरातून निघून, भारताचं दक्षिण टोक वळसा घालून, अरबी समुद्रात. उलट दिशेचाही दाखला आहे: २०२३ च्या फेब्रुवारीत गुहागरला उपग्रह यंत्र लावून सोडलेली बागेश्री नावाची मादी श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. पूर्व किनाऱ्याची आणि पश्चिम किनाऱ्याची कासवं वेगळी, असं जे सोयीने मानलं जायचं, ते यामुळे ढिलं पडलं. महाबळेश्वरच्या एकाच डोंगरावरून कृष्णा पूर्वेला जाते आणि सावित्री वेळासशेजारी बाणकोटच्या खाडीत उतरते. दोन समुद्रांचं अंतर नकाशावर मुलांना बोटाने फिरवून दाखवा.

पिल्लं सोडायची वेळ पहाटे आणि सूर्यास्ताच्या सुमाराला असते, पण कोणत्या दिवशी निघतील हे कासवालाच ठाऊक. निघायच्या आदल्या दिवशी तिथल्या कासवमित्रांना किंवा वनखात्याला फोन करून विचारा. फेब्रुवारीच्या शेवटी शक्यता बरी, मार्चमध्ये जास्त. दोरीच्या मागे उभं राहायचं, फ्लॅश बंद, पिल्लू उचलून पाण्यात सोडायचं नाही. वाळूवरची ती धडपड त्याच्या पुढच्या प्रवासासाठी गरजेची मानली जाते.

धोक्याच्या दोन गोष्टी. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढली जात असेल तर मुलं धावत जातात. जाळ्यात समुद्री साप असू शकतो. शेपूट वल्ह्यासारखी चपटी असते. मरगळलेला दिसला तरी हात लावायचा नाही, विष जहाल असतं आणि चावा सुरुवातीला दुखतही नाही. दुसरं पाकट मासा: उथळ गढूळ पाण्यात वाळूखाली बसतो आणि पाय पडला तर शेपटीचा काटा मारतो. पाणी तुडवताना पाय उचलून टाकू नका, घासत चाला, तो आधीच सटकतो. काटा लागलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवायची आणि दवाखाना गाठायचा.

कार्यक्रम असा बसतो. द्वितीयेला दुपारी पलूस सोडा, रात्री गुहागर. तृतीयेला सकाळी सातला खडकांवर, दुपारी पक्षी, संध्याकाळी हॅचरी. चतुर्थीला पहाटे डॉल्फिन हवा असेल तर होडी, नाहीतर थेट अंजनवेल-धोपाव्याच्या बाजूला चिखल आणि कांदळवन, नऊच्या आसपास. पंचमीला सामान गाडीत टाकून निघा, वाटेत मालदोलीला दहा-साडेदहाला मगरी, जेवण चिपळूणला, आणि उजेडात घाट चढून वर. होडी आदल्या दिवशी सांगून ठेवा आणि दर आधी ठरवा.

दुर्बीण विचारली होतीत. ८ बाय ४२ (आठ पट, पुढचं भिंग ४२ मिमीचं) घ्या, जास्त पटीच्या मागे लागू नका. होडीत हात हलतो आणि १२ पटीच्या दुर्बिणीत सगळं नाचतं. बारा जणांत दोन पुरेत. बुटांऐवजी जुन्या, मागे पट्टा असलेल्या सँडल आणा, चिखलात चप्पल राहते आणि पाय वर येतो.